अशोक वाळवंटात एकटा का राहिला?

सतीश, प्रदीप आणि या मेल-गटातील सर्वांना,

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. पंधरा दिवसांपूर्वी आम्ही चौघे, अशोक, सतीश, प्रदीप आणि मी, सायकली घेऊन जैसलमेरच्या वाळवंटात गेलो. गडावरच्या टाक्यात पाणी मिळतेच, या सह्याद्रीतल्या सवयीने प्रत्येकाने एकच बाटली घेतली. माझ्या यादीत प्रत्येकी चार होत्या. "मास्तर, एवढं ओझं वाहायचं कोणी?" म्हणून तुम्ही हसलात; मीही एकच घेतली. नकाशातले टाके कोरडे निघाले. अशोकची सायकल पंक्चर झाली. आपण तिघे पुढे गेलो. तीन तासांनी परत फिरलो, तेव्हा तो बेशुद्ध सापडला.

आज सकाळी आपल्या शहरातल्या कॅम्प चार भागाच्या रुग्णालयात गेलो. त्याची मूत्रपिंडे अजून काम करत नाहीत. बाहेर बाकावर त्याची आई होती.

"सर, तुम्ही तिघं होतात ना? मग माझा पोरगा एकटा कसा राहिला?"

"तोच म्हणाला, पुढे व्हा, येतो मी."

"तो लहानपणापासून असंच म्हणतो. आणि तुम्ही ऐकलंत?"



त्या तीन तासांत मी मागे वळून किती वेळा पाहिले, हे कागदावर लिहिले आहे: एकदाही नाही. तो कागद उद्या अशोकच्या आईला देणार आहे. सतीश, प्रदीप, तुम्ही किती वेळा पाहिले, याचे उत्तरही सहीनिशी, लेखी हवे. आजच.