भिंतीकडे फिरवलेली खाट

हे लिहावं की नको, याच विचारात वर्ष गेलं. देवाचे अनुभव सांगणारी माणसं भाविक असतात, त्यांच्या घरी सांजवात चुकत नाही. माझं तसं नाही. ज्या दिवसाची ही गोष्ट आहे त्या दिवशी आमच्या देव्हाऱ्यात चार महिने दिवा लागला नव्हता आणि खंडोबाच्या टाकावर धूळ बसली होती. माझा स्वभावही तापट. सासरी आल्यापासून ‘हिच्या तोंडाला कोण लागणार’ असं ऐकत आलेय, आणि त्यात खोटं काही नाही. पण जे घडलं ते सांगितल्याशिवाय माझ्या मनावरचं ओझं उतरायचं नाही, म्हणून घडलं तसं लिहिते.

आम्ही देवळाली प्रवराच्या शिवारात वस्तीवर राहतो. थोडा ऊस, थोडा कांदा आणि यजमानांचा एक जुना लहान ट्रक. शेतापेक्षा त्यांचा जीव त्या ट्रकमध्ये जास्त. सगळी दुरुस्ती घरच्या अंगणात, स्वतःच्या हाताने, आणि पाने द्यायला शेजारी मी. लग्नात कुणी सांगितलं नव्हतं की संसार म्हणजे टॉर्च धरून इंजिनापाशी उभं राहणं! पण बघून बघून मलाही बरंच कळायला लागलं. त्यांची एक रीत होती. ट्रकसाठी नवीन काही आणलं, अगदी साधा पट्टा का असेना, की आधी गावाबाहेरच्या खंडोबाच्या पायरीवर ठेवायचं, भंडारा लावायचा आणि मगच बसवायचं. मी चिडवायची, “देवाला काय कळतंय इंजिनातलं?” ते हसून म्हणायचे, “त्याला न्हाई कळत. पर तो बघतोय म्हनल्यावर मी नीट बसवतो.”

आषाढात एका दुपारी जेवता जेवता ते ताटावर कलंडले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. नगरच्या दवाखान्यातून घरी पाठवताना डॉक्टर म्हणाले, “आवाज कानावर पडतो, पण त्यांना काही उमजत असेल असं वाटत नाही. मनाची तयारी ठेवा.” मनाची तयारी म्हणजे काय करायचं असतं हे मला अजून कळलेलं नाही. मी चमच्याने भरवत होते, कूस बदलत होते, पाठीच्या जखमा धूत होते, चादरी धूत होते. पुन्हा चादरी धूत होते. ते माझ्याकडे बघायचे आणि मला त्या बघण्याची भीती वाटायची. त्या डोळ्यांमागे माझा माणूस आहे की गेला, एवढाच प्रश्न मी खंडोबाला विचारला. रोज विचारला. उत्तर आलं नाही, तेव्हा मी दिवा लावणं सोडून दिलं. तू बोलत नाहीस, हेही बोलत नाहीत, मग मीच का बोलू?

श्रीरामपूरहून दर बुधवारी एक सिस्टर यायच्या, पन्नाशीच्या, गळ्यात बारीकसा क्रूस. यजमानांची उजवी मूठ घट्ट वळून गेली होती, नखं तळव्यात रुतायची. मी ती जोर लावून उघडायला गेले की त्यांच्या घशातून कण्हणं यायचं. सिस्टरांनी माझा हात बाजूला केला. “ताई, वढू नका. गरम फडक्यानं शेक द्या आन् थांबा. मूठ तिची ती सैल पडंल.” त्यांनी फडकं गुंडाळलं आणि नुसता हात ठेवून बसून राहिल्या. बऱ्याच वेळाने बोटं जराशी सुटली. थांबणं हा माझा प्रांत नव्हे, पण त्या दिवसापासून मी रोज सकाळी बंबातल्या पाण्याने शेक देऊ लागले.

कार्तिकात थंडी पडली आणि ट्रक सकाळी चालू होईना. तो आता माझे धाकटे दीर चालवत होते. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, पण थंडीत पहिला पेट घ्यायला ऊब लागते, आणि ती हीटर प्लग देतात. बोटाएवढे चार प्लग, किल्ली अर्धी फिरवली की त्यांची टोकं आत लाल होतात. आमचे चारही गेले होते. दीर चिंधीचा बोळा डिझेलमध्ये बुडवून पेटवायचे, इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरायचे आणि स्टार्टर मारत राहायचे. तो घरघराट सुरू झाला की आत यजमान बेचैन व्हायचे. डावा हात उचलायचे, दारातून दिसणाऱ्या ट्रककडे दाखवायचे, खाटेवर थापा मारायचे, घशातून चमत्कारिक आवाज काढायचे. मला वाटायचं, ट्रक दुसऱ्याच्या हातात गेलेला बघवत नाही. मी समजूत घातली, मग ओरडले. एका सकाळी माझा तोल गेला. त्यांना भरवायला घेतलेली पेज त्या हाताच्या फटक्याने माझ्या अंगावर सांडली, आणि मी खाटेचे पाय धरून ती अख्खी फिरवली. तोंड भिंतीकडे. ट्रक दिसायला नको आणि हात हलायला नको. हात खरंच हलायचा थांबला. मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

एकोणीस दिवस ते भिंतीकडे बघत पडून होते.

त्याच दिवसांत दीर म्हणाले, “वैनी, तुमी बी मरताल अशानं. दादाला काय कळतंय आता? सुप्याच्या पुढं एक आश्रम हाय, अशाच मान्सांना सांभाळत्यात.” मी दोन दिवस रडले आणि हो म्हणाले. ज्याला काही कळत नाही त्याला घर काय आणि आश्रम काय, अशी मनाची समजूत घातली. दिवस ठरला. खाटेसकट न्यायचं तर आपलाच ट्रक बरा, असंही ठरलं. त्या सकाळी मी त्यांच्या या घरातल्या शेवटच्या आंघोळीसाठी बंब पेटवला. कपड्यांची पिशवी भरली. दीर आणि मी खाट उचलून अंगणात उन्हात ठेवली.

आणि ट्रक चालू होईना. बोळा पेटवला, स्टार्टर मारला, धूर झाला, काही नाही. बॅटरी उतरेल म्हणून दिरांनी नाद सोडला. “नवे हिटर प्लगच आनतो. राहुरीत न्हाई मिळाले तर श्रीरामपूर गाठतो. दुपारच्या आत पोचायला सांगितलंय आश्रमवाल्यांनी.” ते मोटारसायकलवर निघून गेले. रिकामं बसले असते तर माझा निर्धार मोडला असता, म्हणून मी पाने काढले. ते नवे आणेपर्यंत जुने काढून ठेवावेत.

पहिले दोन प्लग सहज निघाले. टोकं काळीठिक्कर. तिसरा अडला. मी पान्यावर जोर लावला, मग पाय टेकून आणखी लावला. आणि मागे खाटेवर थाप पडली.

एक, दोन, तीन. मी वळून बघितलं. घाईत आम्ही खाट ट्रकसमोर ठेवली होती, तोंड इंजिनाकडे. यजमानांचा डावा हात उचललेला होता. मी म्हटलं, “आता काय राहिलं दाखवायचं? नेतेय ना तुमच्याच ट्रकमधून!” माझे शब्द असे असतात. पुन्हा जोर लावायला गेले, पुन्हा थाप. या वेळी त्यांनी डावा हात हळूहळू छातीवरून पलीकडे नेला आणि आपल्या वळलेल्या उजव्या मुठीवर ठेवला. ठेवला आणि तसाच राहू दिला. नजर माझ्यावर होती.

शेक.

पाना माझ्या हातात तसाच राहिला. अडलेल्या प्लगवर जोर केला की तो आतच मोडतो आणि मग इंजिनाचं डोकं उतरवावं लागतं, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं होतं! मी बंबातलं पाणी आणलं, त्यांच्या आंघोळीचंच. टॉवेल बुडवून, पिळून प्लगच्या भोवती गुंडाळला. गार झाला की दुसरा. अधूनमधून मी पान्याकडे हात नेला की त्यांचा डावा तळवा वर व्हायचा. थांब. मी थांबायची. उन्हं ओट्यावरून खाली सरकली तरी तो हात वर जातच होता. शेवटी त्यांनी तळवा हलकेच खाटेवर टेकवला. मी पाना लावला, आणि तो प्लग इतक्या मऊपणे फिरला की मला हुंदका फुटला. चौथाही तसाच काढला.

मग त्यांनी ट्रकच्या केबिनकडे बोट केलं. कार्तिकात जिकडे दाखवत होते तिकडेच. मी चढले. आत बसून एकेका गोष्टीला हात लावून खाटेकडे बघत गेले. डॅशबोर्डला नाही, कप्प्याला नाही. सीटच्या पाठीला हात लागला तशी थाप पडली. पाठीमागे, गोणपाटाखाली, पिवळ्या फडक्याची एक पुरचुंडी होती. सोडली. चार नवे हीटर प्लग, आणि चारींवर भंडारा. आषाढाच्या आधी कधीतरी आणून, खंडोबाच्या पायरीवर ठेवून, थंडी येण्याआधी बसवू म्हणून त्यांनी ते जपून ठेवले असणार.

तेव्हा मला सगळं कळलं. हा माणूस आपल्याला नीट रीत सांगत होता. सकाळी सकाळी बोळे पेटवू नका रे, भाजेल कुणी, प्लग मागे ठेवलेत, एवढंच सांगत होता. त्यांना सगळं उमजत होतं. माझे शिव्याशाप, आश्रमाच्या गोष्टी, पिशवी भरणं, सगळं. आणि मी त्यांचं तोंड भिंतीकडे केलं होतं. मी अंगणात त्यांच्या पायांवर डोकं ठेवून ओरडून रडले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि हात ट्रककडेच दाखवत होता. रडणं पुरे, आधी प्लग बसव.

मी भंडारा बोटाने टिपून त्यांच्या कपाळाला लावला, मग माझ्या. एकेक प्लग वायरीने बॅटरीला लावून पाहिला, टोक उदबत्तीसारखं लाल झालं की त्यांना दाखवला. बोटांनी आटे धरवले, पाना शेवटी, बेताने. किल्ली अर्धी फिरवली. समोरचा पिवळा दिवा लागला. मला नेहमी घाई, पण त्या दिवशी प्लग तापून दिवा विझेपर्यंत मी थांबले. मग पूर्ण फिरवली आणि इंजिन पहिल्याच झटक्यात चालू झालं.

दीर नवे प्लग घेऊन आले तेव्हा त्यांच्याही कपाळावर पिवळा मळवट होता. “आरं! चालू कशी झाली? चला मग वैनी, उशीर झाला.”

मी म्हटलं, “कुठं जायचं नाही. हे इथंच राहतील.”

“वैनी, आवो दादाला कळतंय का काही…”

“सगळं कळतंय. आपल्याला कळत नव्हतं.” मी त्यांना पुरचुंडीचं फडकं दाखवलं. ते खाटेजवळ जाऊन भावाचा डावा हात धरून बसले. मी विचारलं, “तुमच्या कपाळाला हे कसलं?” ते म्हणाले, “येता येता देवळात गेल्तो. आज चंपाषष्ठी न्हाई का?” मला आठवणच नव्हती. घट बसवले नव्हते, तळी भरली नव्हती, वांग्याचं भरीत नव्हतं. तरी भंडारा माझ्या घरी आला होता.

लोक विचारतात, मग ते बरे झाले का? नाही झाले. एक शब्दही बोलले नाहीत. जखमा वाढल्या, अंग काडीसारखं झालं. मी पुढेही चिडले, ओरडले. माणूस एका दिवसात बदलत नाही. पण तळवा वर झाला की मी थांबायची. खाट दारात ठेवली, ट्रककडे तोंड करून. नऊ महिने आम्ही त्या एका हातावर बोललो. भाद्रपदात एका पहाटे ते गेले. आंघोळ घालताना मी सवयीने गरम फडकं हातात घेतलं आणि बघितलं, तर उजवी मूठ सुटली होती. तळवा पूर्ण उघडा, नखांच्या जुन्या खुणांसकट.

याला चमत्कार म्हणायचं की नाही, ते मोठ्यांनी ठरवावं. ट्रक बंद पडला तो प्लग गेले होते म्हणून, आणि प्लग सापडले ते त्यांनी ठेवले होते म्हणून. मी खंडोबाची एवढ्यासाठीच ऋणी आहे की त्याने मला खाट एकदा सरळ करू दिली, वेळ होता तोवर. देव उत्तर देत नाही म्हणून मी चार महिने रागावले होते. आता दिवा लावताना मी काही मागत नाही, विचारतही नाही. फक्त मी पुन्हा कुणाचं तोंड भिंतीकडे फिरवलेलं नाही ना, एवढं आधी बघून घेते.