पनवेलच्या ताईंचा हात

साताऱ्याहून पहाटेची एसटी सुटली तेव्हाच माझं तोंड वाकडं होतं. बायकोच्या, सुमनच्या, कमरेमागे उशी आणि तोंडी एकच जप : पनवेलच्या ताई. या फिजिओथेरपिस्ट ताईंनी तिच्या बहिणीचा खांदा मोकळा केला होता. सुमनला मात्र वर्षभर खाली बसून रांगोळी काढता येत नव्हती. रोज संध्याकाळी तिची कंबर मीच दाबायचो. "बरं वाटलं हो," ती म्हणायची. मग परकी बाई कशाला? पण विचारतो कोण!

कळंबोलीला उतरलो. लोखंडी गज लादलेले ट्रक, धूळ, आणि त्यामागे धुरकट डोंगर. सुमनची चाल पाहूनच रिक्षावाल्याने पत्ता ओळखला.

"भिऊ नको मावशी. आमची आई पन तिकडंच जाते. आता मावऱ्याची (मासळीची) पाटी डोकीवर घेते. काय त्रास नाय."

सुमनची कळी खुलली. माझा चेहरा आणखी पडला.

ताई पस्तिशीच्या, हसऱ्या. तोंडासाठी भोक असलेल्या अरुंद पलंगावर त्यांनी सुमनला पालथं झोपवलं. पाय वळवून पाहिला, मग खुब्याच्या मागे अंगठा टेकला.

"आई गं... सुटलं!" सुमन म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हाताखाली असा आवाज कधी निघाला नव्हता. खरं सांगतो, मी जळलो.

"काका, इकडे या. रोज पनवेल पॉसिबल नाही ना? मग शिकून घ्या." ताईंनी माझा अंगठा त्या जागी ठेवला, वर आपला ठेवला. "घाई नको. काकूंनी श्वास सोडला की वजन द्या." थोड्या वेळाने त्यांनी आपला हात अलगद काढून घेतला. मी दाबत राहिलो.

"ताई," पलंगाखालून आवाज आला, "हात म्हणावा तर तुमचा! आमचे हे दाबतात म्हणजे नुसती कणीक मळतात."

ताईंनी ओठ घट्ट मिटले. हात माझा, कौतुक त्यांचं! त्या दिवशी मला माझ्याच हाताचा हेवा वाटला.

दुपारी एका खानावळीत तांदळाची भाकरी आणि तळलेली मांदेली खाल्ली. सुमनचं ताईपुराण सुरूच होतं. रागारागात घास गिळला आणि काटा घशात अडकला. तशी ती टेबलाचा आधार न घेता ताडकन उठली आणि माझी पाठ थोपटायला लागली.

"कोरडी भाकरी गिळा आधी," ती म्हणाली. आपण कशा उठलो हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

घरी आल्यावर शिकवल्याप्रमाणे रोज दाबू लागलो, तिच्या श्वासाची वाट पाहत.

"आता बरं जमतंय तुम्हाला," ती एकदा म्हणाली. मी फुललो. "पण ताईंची सर नाही."

ताईंच्या पलंगावरची ती गंमत सांगायला तोंड उघडलं, तर ती कुशीवर वळून झोपलेली. कित्येक महिन्यांनी अशी वळली होती. मी दिवा मालवला.

परवा सकाळी ती दारात मांडी घालून रांगोळी काढत होती. शेजारीण थबकली. "अगंबाई, खाली बसलीस? कुणाचा गुण आला?"

सुमनने हौसेने पनवेलचा पत्ता सांगितला. मी आत खुर्चीवर बसून दुखरे अंगठे चोळत होतो.