साडूंचा डबा

देवाने पृथ्वीवर जेवढी म्हणून निर्मनुष्य ठिकाणं निर्माण केली, ती आमच्या साडूंना गाडी थांबवायला लावता यावी म्हणूनच केली, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, गेली कित्येक वर्षं टेक्सासात फ्रिस्कोला. सरळ रस्त्याने सरळ जाणं त्यांना जन्मात जमलेलं नाही. नेवाडाच्या वाळवंटात कडेला इतिहासाची एखादी पाटी दिसली की त्यांचा हात माझ्या खांद्यावर पडायचा. "थांबव न यार, दोन मिनिट." मग डोक्यावर ऊन आग ओकत असताना ती पाटी पहिल्या शब्दापासून, ती कोणत्या मंडळाने बसवली त्या शेवटच्या ओळीपर्यंत, ते मोठ्याने वाचायचे. एकदा मी मुद्दाम वेग वाढवून पाटी मागे टाकली. त्यावर ते असे काही गप्प बसले की शेवटी मीच मुकाट्याने गाडी वळवली. इथे पूर्वी एक विहीर होती, असं त्या पाटीवर लिहिलं होतं. विहीर आता नव्हती.

पाट्या परवडल्या, पण त्यांचं डबे शोधणं नको, अशी माझी अवस्था होती. याला जिओकॅशिंग म्हणतात. जगभरचे रिकामटेकडे लोक दगडाखाली, झुडपात डबे लपवतात, जागा इंटरनेटवर टाकतात आणि दुसरे रिकामटेकडे फोन हातात धरून ते हुडकतात. डब्यातली एखादी वस्तू घ्यायची, आपली एखादी ठेवायची. साडूंनी यात आपल्याकडची रीत घुसवली. शेजारणीचं भांडं जसं रिकामं परत करत नाहीत, तसं प्रत्येक डब्यात ते मोटेलमधून उचललेली साखरेची पुडी ठेवायचे. खायचं काही ठेवू नये असा नियम आहे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "साखर म्हणजे खायचं थोडीच, शकुन आहे तो," म्हणाले. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी कळवळून इंटरनेटवर लिहिलं, की जो कोणी साखर ठेवतो आहे त्याने कृपा करून थांबावं, डब्यात मुंग्यांनी संसार थाटला आहे. साडू फार दुखावले. त्यांनी साखर सोडली आणि सुपारी सुरू केली. वाळवंटात पोरांना घेऊन आलेल्या एखाद्या अमेरिकन बाईला डब्यातून सुपारी निघाल्यावर काय वाटलं असेल, ते तिलाच माहीत.

हे सगळं मी हसत सांगतो आहे खरा, पण त्या प्रवासात मला एकदाही मोकळं हसू आलं नाही. साडूंची नोकरी गेली होती. व्हिसा नोकरीला बांधलेला, त्यामुळे महिनाअखेरपर्यंत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभं राहून त्यांचे केस पिकले. मी त्यांच्याहून लहान, पण या देशात आधी पोचलो म्हणून माझं कार्ड झालं, एवढंच माझं कर्तृत्व. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, तिच्यासाठी परत जाणं म्हणजे परक्या देशात जाणं. आता एकाच कंपनीकडून आशा होती आणि तिचा फोन त्याच आठवड्यात यायचा होता. साडू घरात फोनकडे टक लावून बसतात म्हणून ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना विमानात घालून माझ्याकडे फिनिक्सला धाडलं होतं. यांना कुठेतरी फिरवून आणा, नाहीतर मला वेड लागेल, असं त्या म्हणाल्या होत्या.

आणि हा माणूस नेमके दरीतले डबे निवडायचा, जिथे फोनला रेंज नाही. मी हायवेच्या कडेचे डबे सुचवायचो, ते नाक मुरडायचे. शेवटी मी चिडलो. इतका महत्त्वाचा फोन यायचाय आणि तुम्ही खड्ड्यात काय उतरता, असं विचारलं. ते बूट झटकत म्हणाले, "रेंज नसली की बरं वाटतं रे. तोपर्यंत ते नाही म्हणालेले नसतात."

मी गाडीला कुलूप लावून त्यांच्यामागे दरीत उतरलो.

परत हायवेला लागलो तेव्हा फोन वाजला, निरोप येऊन पडला होता. त्यांनी तो कानाला लावून ऐकला, फोन खिशात ठेवला आणि म्हणाले, "नाही म्हणाले." पुढे एक पाटी होती, तिथे मी न सांगता गाडी थांबवली. ते उतरले नाहीत. पाटी काचेतून सहज वाचता येत होती, तरी त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

थोड्या वेळाने त्यांनी बॅगेतून स्टीलचा डबा काढला. लग्नात मिळालेला, झाकणावर त्यांचं नाव कोरलेला, रोज ऑफिसला नेत असत तो. स्वतःचा एक डबा लपवायचं त्यांच्या मनात होतं. पण लपवणाऱ्याला मधूनमधून जाऊन देखभाल करावी लागते, म्हणून इथे राहणाऱ्यालाच तो इंटरनेटवर नोंदवता येतो.

"तुझ्या नावावर टाक," ते म्हणाले. "मी कुठून येणार बघायला?"

आम्ही दोघांनी दगड उचलून तो डबा एका कपारीत ठेवला. झाकणावर नाव त्यांचं, नोंद माझी.

साडू आता नागपूरला असतात. काम मिळालं आहे, मुलगी अजून रुळलेली नाही. मी वर्षातून एकदा त्या कपारीकडे जाऊन येतो, धूळ पुसतो, पाटी लागलीच तर उभा राहून पूर्ण वाचतो. फोनवर ते आमची खुशाली नंतर विचारतात, आधी डब्याची.

"आहे न अजून तिथे?"

आहे, म्हणतो मी. कुणी हलवलेला नाही.