डॅक आणायला गेली अन् आईचं गाणं लावलं

ऑडिओ ग्रुपवरच्या जाणकारांनो, आज मी डॅक घेतला. आवाज पारखायला तुमी सुचवलेलं एकही गाणं न लावता घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डॅक म्हणजे कॉम्प्युटरमधलं गाणं स्पीकरसाठी तयार करून देणारी डबी. त्यासाठी इचोड्याहून आदिलाबादला गेली. दुकानदारानं दोन डॅक काढले अन् तुमी सुचवता तसंच एक गुळगुळीत इंग्रजी गाणं लावू लागला. मी थांबवलं. माझ्या लॅपटॉपवर आमच्या विहारातली भीमगीतं होती, मोबाईलवर रेकॉर्ड केलेली. तीच लावली.

"मॅडम, ये रेकॉर्डिंग ही खराब है," तो म्हणाला अन् महागाच्या डॅकवर बेसचं बटन दाबलं. ढोलकी छातीवर आदळली, पण कोरस बुडाला. त्या कोरसात मागच्या रांगेत माझी आई गाते. तिच्यापुढं कोणी माईक ठेवत नाही.

बटन बंद करा म्हटलं तर म्हणे, "इसी का तो पैसा है."

दुसऱ्या साध्या डॅकला बटनच नव्हतं. त्यावर बायकांचे आवाज वेगवेगळे ऐकू आले, आईचाही आला. मी तोच उचलला.

घरी लावला तर आई स्वयंपाक सोडून बाहेर आली. जरा वेळ ऐकून म्हणाली, "काऊन वं, मी ओळ घाईनं उचलून राह्यली का?"

हो, घाईनंच. आजवर कोणाला ऐकूच आलं नव्हतं.

आता तुमी सांगा, तुमच्या त्या चांगल्या रेकॉर्डिंगमधे तुमच्या घरचं कोण गाते?