शेंडे नक्षत्र पेंढ्यात घालून रोह्याला

मी जाणार नव्हतो. जानेवारीत टेम्पोला काम नसतं, गुडघ्यांना थंडी सोसत नाही, आणि पेण ते रोहा या वाटेवर कुठे ना कुठे रस्ता खणलेला असतोच. पण जनार्दन माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, आणि त्याचं वाजवायचं मशीन रोह्याला न्यायचं होतं. तिने चहाचा कप पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही नाही नेलंत तर तो दुसरा टेम्पो करील. दुसरा मशीन फोडील. मग तो आपल्याकडे येऊन बसेल."

तीस वर्षं मी पेणहून गणपती पोचवतोय. ठाणे, नाशिक, एकदा गोवा. एक मूर्ती फुटलेली नाही, बोटाचं टोकसुद्धा नाही. ही गोष्ट आमच्या घरात माझ्याविरुद्ध वापरली जाते. दोन दिवस टाळाटाळ केली आणि हो म्हणालो. सूनबाई म्हणाली, आलात की लिहून काढा, मी ब्लॉगवर टाकते, लोकांना रस्त्याची माहिती तरी मिळेल. म्हणून हे लिहितोय.

जनार्दनचा बँड आहे. नाव शेंडे नक्षत्र. ते लोक स्पेस रॉक वाजवतात, त्यातही सायकेडेलिक. माझी शाळा सातवीला सुटली, म्हणून मी त्याला दोनदा अर्थ विचारला. पहिल्यांदा तो म्हणाला, डोळे मिटून ऐकलं की आपण आकाशात तरंगतोय असं वाटतं. दुसऱ्यांदा म्हणाला, "भावजी, तुम्ही टेम्पोचं बघा." एक गाणं चाळीस मिनिटांचं. तेवढ्यात मी वडखळला जाऊन, वडापाव खाऊन परत येतो.

बँडमध्ये तीन माणसं. जनार्दन कंपनीत इन्स्ट्रुमेंट विभागात होता, आता रिटायर. भंगारातली पॅनेलं आणून त्याने आठ वर्षं खपून एक मशीन बनवलंय, शिलाई मशीनच्या टेबलाएवढं. त्यावर बटणांच्या तीन ओळी. वरच्या ओळीतून वारा आणि शिट्ट्या निघतात, मधल्या ओळीतून ठेका, खालच्या ओळीतून नुसती घरघर. दुसरा विलास, गिटार वाजवतो, नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करतो. तिसरी रंजना, गडबच्या बाजूच्या खाडीकाठच्या गावातली धवलारीण. लग्नात हळदीला धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, म्हणायचं काम तिच्या घरात आजीपासून चालत आलंय.

हेच तिघं रविवारी बँजो पार्टी होतात आणि हळदी वाजवतात. शिवाय जनार्दन आणि विलास इंटरनेटवर झोप येण्याचं संगीत टाकतात. माझी बायको ते रोज लावते, पण ती आधीपासूनच चांगली झोपते. म्हणजे बँड एक आणि जोडधंदे दोन. जनार्दनचा नियम कडक: हळदीचं हळदीत, आकाशातलं आकाशात. शेंडे नक्षत्रात रंजनाने एक शब्द उच्चारायचा नाही. फक्त आ करायचा.

दुपारी दोनला पेणमध्ये मशीन चढवलं. मी ते गणपतीसारखंच भरलं, कारण मला दुसऱ्या तऱ्हेने भरता येत नाही. पाठ ड्रायव्हरकडे, तोंडावर कापड, गळ्यापर्यंत पेंढा, मग चारी बाजूंनी दोरी. पेंढा भाद्रपदातला उरलेला, गोडाऊनच्या कोपऱ्यात पडून होता. जनार्दनने विचारलं, "कोरडा आहे ना?" मी म्हटलं, चांगला कोरडा आहे. त्याने एवढंच विचारलं आणि मीही तेवढंच पाहिलं.

तुम्ही जाणार असाल तर वडखळचा नाका दुपारी तीनच्या आत गाठा. पुढे अलिबागकडे वळणाऱ्या गाड्या अडकतात आणि सगळे एकमेकांकडे बघत हॉर्न वाजवतात. मी तीसच्या वर जात नाही. मागच्या ट्रकवाल्याने ओव्हरटेक करताना मागे कापडाने झाकलेलं पाहिलं आणि हात जोडले. जनार्दनने त्याला उलट हात केला, आशीर्वादाचा.

गडबला हायवेलाच रंजना उभी होती, डब्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन. तिने मागे डोकावून पाहिलं.

"दादा, ह्याला गणपतीसारखा झाकलाव? आरती करू काय?"

"कर. पण हलवू नको," मी म्हटलं.

"आणि विसर्जन कवा?"

"आज रोह्याला," जनार्दन म्हणाला. त्याला वाटलं होतं ही थट्टा आहे. विसर्जनाची भाषा खरी होती, हे नागोठण्याला कळलं.

नागोठण्याला स्टँडजवळ चहा दहा रुपये, वडापाव वीस, वडा खाल्ला तरच पुढच्या वाटेत पोट शांत राहील. विलास पहिली शिफ्ट संपवून आला होता. अर्धा चहा झाला आणि त्याने कप खाली ठेवला.

"जनूकाका, एक सांगतो. रोह्यानंतर मी शेंडे नक्षत्र बंद करतोय. बँजो पार्टी चालू राहू दे."

"का?"

"रविवारी हळद, सोमवारी पहिली शिफ्ट, आणि मधे तुमचं चाळीस मिनिटांचं आकाश. ऐकतो कोण? मागच्या वेळी सतरा माणसं होती. त्यातली दोन खुर्चीवाली."

"तीपण शेवटपर्यंत बसली होती."

"त्यांना खुर्च्या न्यायच्या होत्या, काका."

जनार्दनने रंजनाकडे पाहिलं. ती म्हणाली, "माझ्याकडे नको बघू, जनूदादा. मी हलदीला धवला म्हनते तेव्हा बाया रडतात. तुझ्याकडे मी दाताच्या डॉक्टराकडे बसल्यासारखी नुसती आ करते."

जनार्दनने चमचा उचलला. त्याने साखर घातलेल्या चहात परत साखर घातली. आठ वर्षांचं मशीन एका कपात बुडताना मला बघवेना, म्हणून मी उठून टेम्पोच्या मागे गेलो. प्रत्येक थांब्याला मी पेंढ्याला कान लावतो, काही सैल झालं असेल तर कळतं. कान लावला तर आत कुरकुर. कापड उचललं. पेंढा हलला, आणि मशीनच्या बाजूच्या हवेच्या भोकातून एक शेपूट आत गेली.

उंदीर. भाद्रपदापासून पौषापर्यंत माझ्या पेंढ्यात संसार करून राहिलेला, आणि मीच त्याला घरासकट उचलून आणलेला.

मी सांगायला हवं होतं. पण पलीकडे जनार्दन तसा बसला होता, आणि तीस वर्षांत माझ्यावर अशी वेळ आली नव्हती. मी मनाशी म्हटलं, पेणचा उंदीर आहे, त्याला नागोठणं आवडेल, उतरेल. कापड थोडं उघडं ठेवलं. तो उतरला नाही.

नागोठण्याहून कोलाडमार्गे न जाता भिसे खिंडीतून जा, वाट जवळची आणि सावलीची. वळणं आहेत. प्रत्येक वळणावर मला मागून चिरकल्यासारखं ऐकू यायचं. "स्प्रिंगचा पाटा वाजतोय काय?" विलासने विचारलं. मी म्हटलं, हो. आयुष्यात मी टेम्पोची बदनामी पहिल्यांदा केली.

पाचला रोह्याबाहेर नामदेवशेठच्या वाडीवर पोचलो. नामदेवशेठ वालाचा मोठा शेतकरी, त्याच्या मुलीची हळद रंजनाने गाजवली होती, त्या ओळखीवर हा कार्यक्रम. तीसेक पाहुणे जमले होते, पोपटीला. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, बटाटे, केळीच्या पानात बांधलेली कोंबडी. तोंडाला पाला कोंबायचा, मडकं उपडं घालायचं, वर पेंढा आणि काटक्या रचून आग लावायची. झाली की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र करून लगेच उडालं की झाली. थंडीत रोह्याकडे आलात आणि पोपटी न खाता गेलात तर तुमचा रस्ता फुकट गेला.

नामदेवशेठने नियम सांगितला. "पोपटी लागली की तुम्ही सुरू करा. मडका उतरला की बंद. मंग कोन ऐकनार नाय."

"किती वेळ लागतो?" जनार्दनने विचारलं.

"अर्धा तास, चाळीस मिनटा."

जनार्दनचा चेहरा दिवसात पहिल्यांदा उजळला. अख्ख्या जिल्ह्यात त्याच्या गाण्याच्या मापाची दुसरी वस्तू सापडली होती.

मी मशीन उतरवलं. पेंढ्याच्या तळाशी घरटं होतं, कुरतडलेल्या गुलाबी मखमलीचं, आमच्याच कुठल्यातरी गणपतीच्या आसनाची. मी काय करावं? सगळा पेंढा कवेत घेतला, घरटं मधे लपवलं आणि मडक्यावर नेऊन रचला. नामदेवशेठ खूश. "बघा, काम करनारा मानूस. बाकीचे नुसते वायरी धरून उभे." त्याने काडी लावली. माझा पुरावा भडभड पेटला.

तिकडे जनार्दनने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. वरची ओळ मेलेली. मधली मेलेली. त्याने पेचकस घेऊन मागची पाटी उघडली, तसा उंदीर बाहेर आला, त्याच्या मनगटावरून, विलासच्या पायावरून, थेट वालाच्या शेतात. पुढच्या खुर्चीवरची म्हातारी शेजारणीला म्हणाली, "गेला गो. गनपतीचा वाहन गेला. आता तो चालत येनार."

"तारा खाल्ल्या," जनार्दन म्हणाला. आवाज असा, जसा दवाखान्यातून बाहेर आलेल्या माणसाचा असतो. मग नामदेवशेठकडे वळून म्हणाला, "शेठ, तुमच्या वाडीत उंदीर फार दिसतात."

"माझ्या वाडीत?" नामदेवशेठ म्हणाला. "माझा उंदीर वाल खातो. वायरी खायची त्याला काय गरज?"

मी दोघांच्या मधे उभा होतो. काटक्या सरकवायला आगीकडे गेलो.

पोपटी पेटली होती, लोक बसले होते. खालच्या ओळीतली घरघर तेवढी जिवंत होती, म्हणून जनार्दनने तीच लावली. पिठाची गिरणी लांबून ऐकू यावी तसा आवाज. ठेका नाही, वारा नाही. विलासने गिटारची एक तार छेडली आणि थांबला. रंजनाने आ केला, आणखी एक आ केला. मागे कोणीतरी म्हणालं, "पॉवर कमी येते वाटतं." विलासने जनार्दनकडे पाहिलं. मला कळलं, इथेच बँड संपला, आणि संपवणारा मी.

मग रंजनाने त्या आ ला शब्द लावले. धवला. आंब्याच्या डहाळ्याचा, उंबराच्या मांडवाचा, पण हळदीला म्हणतात त्याच्या निम्म्या चालीने, घरघरीत एकेक शब्द सोडत, जसं मिठागरात पाणी एका खाचरातून दुसऱ्यात सोडतात. जनार्दनचा हात वर झाला, तिला थांबवायला. तो हात तसाच हवेत राहिला. नंतर तो बटणावर आला आणि त्याने घरघर थोडी खाली नेली, तिच्या सुरापर्यंत. विलास उशिरा आत शिरला, पण शिरला.

मला स्पेस रॉक कळत नाही. आकाशात तरंगल्यासारखं वगैरे मला वाटलं नाही, गुडघे जमिनीवरच होते आणि दुखत होते. पण पुढच्या म्हातारीने पदर तोंडाला लावला होता, आणि मोबाईल बघणारा एक जण मोबाईल उलटा ठेवून बसला होता. मी आगीकडे पाहिलं. आग बसली होती. नामदेवशेठ हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, आणि शिंपडत नव्हता.

गाणं संपलं तेव्हा करपल्याचा वास आला.

"अरे देवा," नामदेवशेठची बायको म्हणाली. "चाळीस वर्सांत पहिल्यांदा. तांब्या हातात घेऊन करपवली."

तळाच्या शेंगा कोळसा झाल्या होत्या, वरच्या खाण्यासारख्या होत्या. लोकांनी त्या खाता खाता नामदेवशेठला जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. जनार्दन मात्र खाता खाताही उंदराचंच बोलत होता. "शेठ, सापळे लावा. शेताला लागून वाडी म्हटलं की असंच होणार." नामदेवशेठ पाहुण्याला काय बोलणार? त्याने मान खाली घातली आणि माझ्या पानात आणखी एक अंडं ठेवलं. पेंढा आणून दिल्याबद्दल.

मी ते अंडं पानाच्या कडेला सरकवलं.

"उंदीर पेणचा आहे," मी म्हटलं. "माझ्या पेंढ्यातला. नागोठण्याला मी त्याला आत जाताना पाहिला."

नामदेवशेठने हळूच मान वर केली. "बोल्लो व्हतो ना. आमचे असे नाय."

"नागोठण्याला?" जनार्दन म्हणाला. "भावजी, तेव्हा तर तारा शाबूत असतील."

मी पान टाकायला उठलो.

निघताना नामदेवशेठ विलासला म्हणाला, "वाल संपायच्या आत परत या. दोन मडकी लावतो. एक वाजवताना करपवायला, एक खायला." विलासने मोबाईलमध्ये शिफ्टचा तक्ता उघडला आणि तारीख शोधायला लागला. जनार्दन ते बघत होता.

परतीला पेंढा नव्हता. मशीन मागे उघडं, एका बाजूला जनार्दन, दुसऱ्या बाजूला विलास, दोघं हातांनी धरून बसले, नागोठण्याला विलास उतरेपर्यंत. मग रंजना मागे गेली, गडबपर्यंत. तिथून पेणपर्यंत जनार्दन एकटा. केबिनमध्ये मी एकटा, वीसच्या वेगाने.

त्यानंतर चार दिवस त्याचा फोन नाही. बायकोने मला दोन्ही वेळ जेवण दिलं, पण ताट ठेवलं की ती आत निघून जायची, हे जास्त वाईट. पाचव्या दिवशी तो मशीन घेऊन घरी आला. तारा नव्या घातल्या होत्या, तिन्ही ओळी चालू होत्या. आणि कडेला एक नवं बटण होतं. ते दाबलं की वरच्या दोन ओळी बंद, नुसती घरघर. त्यावर नाव लिहायला त्याने मला बारीक ब्रश दिला, कारण गणपतीच्या कारखान्यात मी पहिली दोन वर्षं रंगकाम केलंय.

"काय लिहू?"

"उंदीर," तो म्हणाला. अजून हसत नव्हता.

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी परत रोहा आहे. यावेळी मशीन गोधड्यांत बांधणार, झटकून, उन्हात घालून, दोन वेळा. पेंढा गोडाऊनमधून काढून टाकलाय. तरी मला झोप लागत नाही, त्यांचं ते झोपेचं संगीत लावूनही. आणि परवा गोडाऊनवर एक नवीन ड्रायव्हर विचारत होता, तीस वर्षांत किती मोडले? मी सवयीने तोंड उघडलं आणि थांबलो. मग म्हटलं, एक.