आधी ‘आउट’ कोणी म्हणायचं

मद्रासमध्ये पोलिसांच्या गाड्यांवर वायरलेस बसू लागला तेव्हा मी एका दैनिकात नवा बातमीदार होतो. धावत्या गाड्यांनी आपसात बोलून पाहायची चाचणी एका सकाळी ठरली. मला मागच्या बाकावर जागा मिळाली, कारण एका गाडीवर माझे वडील ऑपरेटर होते आणि दुसरीवर मामा.

वडील खात्यात मुरलेले. परीक्षा मामांची होती. जमलं तर गाडीवर कायम, नाहीतर परत एन्नोरच्या ठाण्यात टपालाच्या टेबलाशी. त्या टेबलाला मामा विटले होते.

वडिलांची गाडी परीक्षा घेणाऱ्या साहेबांना घेऊन तिरुवल्लिकेणीच्या किनाऱ्यावर फेऱ्या मारणार होती, आमची, म्हणजे मामांची, तांबरमच्या दिशेने जाणार होती. मामांनी दर दोन मैलांवर हाक द्यायची, ठिकाण सांगायचं, संपवायचं. ‘ओव्हर’ म्हणजे आता तुम्ही बोला. ‘आउट’ म्हणजे बोलणं संपलं. ज्याने हाक दिली त्यानेच ‘आउट’ म्हणायचं.

इथेच घोळ झाला. आम्हा तंजावरकडच्या मराठी घरांत बहिणीच्या नवऱ्याचं बोलणं धाकट्याने तोडायचं नसतं. तो उठला की मग आपण उठायचं.

“आवाज स्पष्ट आहे. संपव. ओव्हर,” वडील म्हणाले.

“तुम्ही संपवा, भावोजी. तुम्ही थोर. ओव्हर.”

“परीक्षा तुझी की माझी? ओव्हर.”

“तुमच्या आधी मी कसा उठू? सैदापेटचा पूल आला. ओव्हर.”

“एन्न सार, काय चाललंय?” ड्रायव्हर म्हणाला, “लग्न जुळवताय की काय?”

मामांच्या तोंडातून ‘आउट’ काही निघेना. त्याऐवजी ते वाटेतलं एकेक ठिकाण सांगत राहिले आणि मधूनमधून अक्काच्या, म्हणजे माझ्या आईच्या, गुडघ्याची चौकशी करत राहिले. गिंडीनंतर वडिलांचा आवाज खरखरू लागला. परंगिमलैची टेकडी आडवी आली आणि तो बंदच पडला.

मामांनी माइक खाली ठेवला. “एन्नोर,” एवढंच म्हणाले.

आम्ही किनाऱ्यावर परतलो तेव्हा साहेबांनी बॉनेटवर नकाशा पसरला होता. त्यांना मराठी येत नव्हतं, पण ठिकाणांची नावं कळत होती. प्रत्येक नावापाशी त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती. शेवटची खूण परंगिमलैला होती.

“दोन-दोन मैलांनी बोलला असता तर आवाज नेमका कुठे तुटतो ते कळलं नसतं,” ते म्हणाले. “गाडी तुझी. पण आधी यांच्यासमोर उभा राहून ‘आउट’ म्हण.”

मामांनी वडिलांकडे पाहिलं, मग चपलांकडे.

वडील गाडीत शिरले, दार ओढून घेतलं आणि काच वर केली. आतून म्हणाले, “मी उठून गेलो, बरं का. आता म्हण.”

मामांनी म्हटलं. समुद्राकडे तोंड करून, पण स्पष्ट.