पन्हळीखालचा बर्फ

लग्नाआधी मी पुण्यात कायदा शिकवत असे. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीला आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्यावर मला नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे शिकवणं सुटलं. निष्काळजीपणाबद्दलचा इंग्लिश कायदा हा माझा आवडता विषय होता. वर्गात मी तो सोपा करून सांगायचे. आपल्या वागण्यामुळे कोणाला इजा होऊ शकेल हे आपल्या लक्षात यायला हवं होतं का? हवं असेल, तर त्या माणसाला जपणं हे आपलं कर्तव्य. कायद्याच्या लेखी तोच आपला शेजारी.

२००४ च्या हिवाळ्यात माझं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून आई आली. बॅगेत डिंक, हळीव आणि जुन्या सुती साड्यांची दुपटी. थंडी कितीही असो, सकाळी एक फेरी मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

त्या सकाळी मी खिडकीतून तिला बघत होते. शेजारच्या घरासमोर ती एकदम खाली गेली. मी दार उघडून तशीच धावणार, तेवढ्यात शेजारच्या बाई ओरडल्या, "तू तिथेच थांब! तूही पडशील!" त्या निवृत्त शिक्षिका होत्या, एकट्याच राहायच्या. तोवर आमचं बोलणं हसून हात हलवण्यापुरतंच. घरातल्या सपातांवर त्या बाहेर आल्या, अंगातला कोट काढून आईवर घातला आणि बर्फावरच बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. अँब्युलन्स येईपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग मला आपल्या गाडीत घालून मागोमाग हॉस्पिटलमध्ये घेऊन आल्या.

आईचं उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर घालत होते तेव्हा आम्ही दोघी बाहेर बसलो होतो. बाई एकाएकी म्हणाल्या, "ते पाणी माझ्या पन्हळीचं होतं. पाइप तुटलाय. तिथे रात्री बर्फ होतो हे मला माहीत होतं. तो वितळायला मीठ टाकायचं राहून गेलं. मला माफ कर."

माझ्यातली मास्तरीण चमकली. कर्तव्य, त्यातली कसूर, धोक्याची आधीच असलेली कल्पना... वकिलाला जे सिद्ध करायला महिने लागतात, ते बाईंनी आपणहून माझ्या हातात दिलं होतं.

"माझा मुलगा आत्ताच फोनवर म्हणाला, सॉरी म्हणू नकोस, कोर्टात ते अंगाशी येतं," त्या म्हणाल्या.

"मग का म्हणालात?"

"कारण चूक माझी आहे."

शनिवारी मित्रमंडळी आईला बघायला आली. नागपूरचा एक मित्र तर पेटलाच होता. "वहिनी, तुम्ही स्वतः वकील! सरळ स्यू करा यार. इथे सगळे करतात." नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत आई पलंगावरून म्हणाली, "ज्या बाईने मांडीवर घेतलं, तिच्यावर खटला? मला नाही चालायचं."

तो प्रश्न बाईंनीच सोडवला. दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी सांगितलं, "माझ्या घराच्या इन्शुरन्सला मी कळवलंय. त्यांचा फोन येईल. घडलं तेच सांगा, मला सांभाळून घेऊ नका." आईचा प्रवासी विमा अगदीच तुटपुंजा होता. हॉस्पिटलचा खर्च त्यांच्या विम्याने दिला आणि प्रकरण तिथे मिटलं.

पुढे मुलगी झाली. आम्ही घरी आलो त्या दिवशी आई प्लास्टरकडे बघून रडली. "बाळाला न्हाऊ घालायला आले, आणि हात गळ्यात बांधून बसलेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात बाई. बाह्या वर सारलेल्या. "मला दोन्ही हात आहेत. काय करायचं ते आईंना सांगू दे."

तेव्हापासून त्या रोज आल्या. आई स्टुलावर बसून हुकूम सोडायची, "अहो बाई, बोटांनी नाही, तळहाताने. हळू. स्लो, स्लो!" बाळाला तेल चोळायचं असतं हेच बाईंना नवीन होतं, पण शिकल्या. आई मराठीत बोलायची, त्या इंग्रजीत उत्तर द्यायच्या, आणि काही दिवसांनी मी भाषांतर करणं सोडून दिलं. डिंकाचे लाडूही त्यांनीच वळले, आईच्या देखरेखीखाली. पहिला लाडू संत्र्याएवढा झाला. आई म्हणाली, "हा बाळंतिणीसाठी की सगळ्या गल्लीसाठी?" मी ते इंग्रजीत सांगितल्यावर बाई इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीवर बसावं लागलं.

कायद्याने त्यांच्याकडून फक्त नुकसानभरपाई मागितली असती, आणि ती तर आधीच मिळाली होती. माझ्या लेकीची अंघोळ कुठल्याही न्यायाधीशाने त्यांच्यावर लादली नसती. मी पलंगावर पडून त्या दोघींचं बोलणं ऐकायचे आणि माझे डोळे भरून यायचे. परक्या देशात माझ्या बाळंतपणाला दोन आया मिळाल्या होत्या.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई नेहमीच्या वेळी आल्या नाहीत. आता आपलं काय काम, असं त्यांना वाटलं असावं. आईने पाणी काढलं, बाळाला मांडीवर घेतलं आणि मला म्हणाली, "जा, बाईंना बोलाव. पाणी कोण घालणार?"

मी बोलवायला निघाले, तर त्या आमच्या दाराशीच उभ्या होत्या, बाह्या सारून.

त्या दिवशी आईने न्हाऊ घातलं आणि बाईंनी पाणी. लेक मनसोक्त रडली, आणि दुपट्यात गुंडाळल्यावर बाईंच्या खांद्यावरच झोपून गेली.